पाठीमागचं इंजिन

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक माझं माहेर, ठाणं सासर. माहेरी जाताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि जरा वेळाने मागून हलकासा धक्का बसतो. हातातला चहा हिंदकळतो. तो धक्का बसला की मला घर आल्यासारखं वाटतं. घाट चढवायला मागे जादा इंजिनं जोडतात. रेल्वेच्या भाषेत बँकर. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला पकड ती किती असणार? म्हणून मागून रेटा लागतो. वंदे भारतला लागत नाही, कारण तिच्या मोटारी पुढच्या एका इंजिनात नसून डब्याडब्यांखाली वाटलेल्या असतात. ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. तिथून इगतपुरीपर्यंत रूळ जायला १८६५ साल उजाडलं.

तोच घाट मी गेल्या डिसेंबरात सायकलवर चढले. वय वर्षं चौपन्न. सोबत बहिणीचा मुलगा, हिमालयातल्या खिंडी सायकलने पार करून आलेला. पाच हजार मीटरवर विरळ हवेत दहा पॅडल मारले की धाप लागते, असं तो सांगतो. इगतपुरी सहाशे मीटरच्या आसपास. त्याच्या हिशेबी टेकडीच. पण ठाण्याच्या खाडीकाठावरून निघणाऱ्या माणसाला सहाशे मीटर पुष्कळ झाले.

पहाटे साडेचारला नौपाड्यातून निघालो. माजिवडा, साकेतचा पूल, भिवंडी बायपास. या पट्ट्याबद्दल मी काही बोलत नाही, ट्रकची धूळ आणि हॉर्न एवढंच तिथे असतं. पडघ्याच्या पुढे उजाडलं आणि आसनगावच्या आधी माझं मागचं चाक बसलं.

ट्यूब बदलणं सोपं. पंक्चर कशाने झालं ते शोधणं अवघड. भाच्याने टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा “आई गं” म्हणाला. केसाएवढी पोलादी तार. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या तारा रस्त्याच्या कडेला पसरतात आणि सायकलवाल्याने चालायचं तेही कडेनेच. मी पर्समधला भुवया कोरायचा चिमटा काढून दिला. “मावशी, हा कशाला आणलास?” असं सकाळी हसणारा हाच.

शहापूरला पोहे, खर्डीला चहा, आणि उन्हं वर आल्यावर कसारा. घाटाच्या पायथ्याशी त्याने एकच गोष्ट बजावली, दम लागायच्या आधीच गियर हलका कर. पुढची चकती लहानातली लहान, मागची मोठ्यातली मोठी. पाय भराभर फिरतात, सायकल मात्र मुंगीच्या पावलाने सरकते. ताशी सहा किलोमीटर. त्याहून हळू गेलं तर तोल जातो. शेजारून भरलेला कंटेनर कण्हत वर जात होता, तो आणि मी बराच वेळ बरोबरीने होतो. क्लीनर खिडकीतून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने हात केला.

“पाठीला हात लावू का?” भाच्याने विचारलं.

“खबरदार!”

वरच्या अंगाला समोरून वारा सुरू झाला. पायांत गोळे यायला लागले, मीठ-साखरेचं पाणी संपलं होतं. मग लहानपणी जिथे दप्तर असायचं, तिथे एक तळहात येऊन टेकला. मी काही बोलले नाही.

घाटनदेवीला हात जोडले, पायरीवर बसले ती अर्धा तास उठले नाही. समृद्धी महामार्गाचा आठेक किलोमीटरचा बोगदा हाच डोंगर गाडीला काही मिनिटांत पार करून देतो. तिथे दुचाकीलाही मज्जाव, सायकलचं नावच नको. बरंच आहे म्हणा, बोगद्यात घाटनदेवी कुठली भेटायला!

उतरताना मी खरी घाबरले. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, रिम तापते. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. कसाऱ्याला पोचले तेव्हा बोटं सरळ होत नव्हती.

कसारा लोकलच्या मालडब्यात सायकली टेकवून आम्ही खाली फतकल मारली. समोर भाजीच्या पाट्या घेतलेली बाई. माझ्या सायकलकडे, मग माझ्या केसांकडे बघत म्हणाली, “हिच्यावर घाट चढलीस?”

“हो.”

“आख्खा?”

भाचा खिडकीबाहेर बघत होता, कान मात्र इकडेच.

“शेवटची तीन वळणं सोडून,” मी म्हणाले.