होड्या जंगलात आहेत

समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. तरी या होड्या जंगलात आहेत. पाइनच्या बुंध्यांमध्ये पडलेल्या. फळ्या कधीच गळून गेल्या, फासळ्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यावर शेवाळ चढलंय. हात लावला की कुजकं लाकूड भुशासारखं बोटांना लागतं.

हे माझिर्बे. लात्वियाच्या वायव्य किनाऱ्यावरचं लहानसं गाव. इथून पुढे कोल्काचं टोक, जिथे बाल्टिक समुद्र आणि रीगाचं आखात एकमेकांना भेटतात. गावाला दुसरंही नाव आहे : इरे. ते लिव्ह भाषेतलं, म्हणजे या किनाऱ्यावरच्या लहानशा लिव्ह समाजाच्या भाषेतलं. लात्वियन भाषा तशी आपल्या लांबच्या नात्यातली. तिच्यात देवाला 'दिएव्स' म्हणतात, आगीला 'उगुन्स'. लिव्ह भाषेचं कूळच वेगळं, फिनिश आणि एस्टोनियनचं. ती बोलणारे स्वतःला 'कलामिएद' म्हणवून घेत. म्हणजे मासेमार.

1939 च्या ऑगस्टमध्ये गावात लिव्ह समाजाचं हे पांढरं भवन उभं राहिलं. फिनलंड, एस्टोनिया, हंगेरी, सगळ्या भाषिक भावकीने हातभार लावला. महिना उलटायच्या आत महायुद्ध पेटलं.

युद्धानंतर हा किनारा सोव्हिएत संघाची सरहद्द झाला. वाळूवर दंताळं फिरवलं जाई, कुणाचं पाऊल उमटलं तर कळावं म्हणून. लहान गावांची मासेमारी बंद पडली, ती कोल्का, रोया अशा मोजक्या ठिकाणी गेली. होड्या झाडीत आणून टाकल्या. तरणी माणसं कामासाठी शहरांकडे गेली आणि घरातही लात्वियन बोलू लागली.

जाळं ओढताना बोलायची भाषा होती ती. होडीच गेल्यावर ती कुणाशी बोलायची? या फासळ्यांपाशी उभं राहिलं की माझ्या मनातून हा प्रश्न जात नाही.

याच किनाऱ्यावरच्या वाइदे गावात 1910 मध्ये ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या जन्मल्या. युद्धात देश सुटला. 2013 मध्ये, वयाच्या 103 व्या वर्षी, त्या कॅनडात वारल्या. लिव्ह ही जिची मायबोली, असं जुन्या पिढीतलं ते शेवटचं माणूस.

ऑगस्टचा पहिला शनिवार. भवनापाशी माणसं जमतात. त्यांच्यातल्या काहींनी ही भाषा मोठेपणी, पुस्तकं उघडून शिकलीय. लिव्ह समाजाचा झेंडा वर चढतो. वर हिरवा पट्टा, मध्ये पांढरा, खाली निळा. जंगल, वाळू, पाणी. होडीत बसून किनाऱ्याकडे पाहिलं की अगदी असंच दिसतं.