दर हजारी : हॅरो, 1951

लंडनच्या वायव्येला, तेव्हाच्या मिडलसेक्स परगण्यातले हॅरो हे लाल कौलांच्या जुळ्या घरांचे उपनगर. पहिल्या महायुद्धानंतर मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आधाराने इथली शेते भराभर घरांखाली गेली. 1931 साली लाखाच्या आत असलेली वस्ती 1951 च्या जनगणनेत 2 लाख 19 हजारांच्या घरात पोहोचली होती.

एवढ्या माणसांच्या आरोग्याचा हिशेब दर वर्षी आरोग्याधिकाऱ्याच्या अहवालात मांडला जाई. त्यात जन्म आणि मृत्यू असत, गोवर, डांग्या खोकला आणि क्षयाचे रुग्ण असत, दुधाच्या तपासणीचे निकालही असत. या अहवालात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र सहसा कोणी न पाहणारी एक संख्या, म्हणजे छेद. दर हजारी मृत्यू काढायचे तर अंशस्थानी मृतांची संख्या येते आणि ती नोंदवहीत मिळते. छेदस्थानी जिवंत माणसे असतात, आणि ती मोजणे त्या काळात फार अवघड होऊन बसले होते.

1941 ची जनगणना दुसऱ्या महायुद्धामुळे झालीच नाही. त्यातच डिसेंबर 1942 मध्ये मिडलसेक्समधल्याच हेझ इथे लागलेल्या आगीत इंग्लंड आणि वेल्सच्या 1931 च्या जनगणनेचे घरोघरचे मूळ कागद जळून खाक झाले. छापलेले तक्ते तेवढे उरले. हाताशी होती ती सप्टेंबर 1939 मधली राष्ट्रीय नोंदणी, जिच्यावर पुढे ओळखपत्रे आणि रेशनपुस्तके चालली. तिच्या आधारे, जन्म मिळवून, मृत्यू वजा करून आणि स्थलांतराचा अदमास घेऊन, देशभरच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवणारे महानिबंधकांचे कार्यालय प्रत्येक वर्षाच्या मध्याची लोकसंख्या ठरवी. म्हणूनच 1951 ची शिरगणती, वीस वर्षांनंतरची पहिली, या अहवालांच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती.

माणसे मोजली तरी काम संपत नसे. नव्या उपनगरात तरुण जोडपी आणि मुले अधिक, तर वर्दिंगसारख्या समुद्रकाठच्या गावी निवृत्त मंडळी अधिक. त्यामुळे दोन्हीकडची हवा, पाणी आणि औषधोपचार अगदी सारखे असले तरी उपनगराचा कच्चा, म्हणजे वयाचा विचार न करता काढलेला, मृत्युदर कमीच दिसणार. या फरकाची भरपाई करणारा एक गुणक महानिबंधकांकडून येई, आणि त्याने गुणल्यावरच आकडा तुलनेला योग्य ठरे. तो न पाहता आपल्या गावाची पाठ थोपटणे म्हणजे तारुण्याचे श्रेय गटारांना देणे होते.

जन्मांचाही असाच प्रश्न होता. हद्दीबाहेरच्या रुग्णालयात झालेला जन्म आईच्या राहत्या ठिकाणाकडे वळता केला जाई. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. तेव्हा ही दुरुस्ती किती आवश्यक आहे, हे मराठी घरांना वेगळे सांगायला नको.

एक दर मात्र लोकसंख्येच्या अंदाजावर अवलंबून नव्हता, तो अर्भक मृत्युदर. त्याचा छेद म्हणजे त्या वर्षी जिवंत जन्मलेली बाळे, आणि ती नोंदवहीतच असत. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा दर 1901 साली हजारी 151 होता, तो 1951 साली 30 वर आला. एका उपनगरापुरता तो वाचताना मात्र जपावे लागते : समजा, वर्षाला 3 हजार जन्म झाले, तर अवघ्या तीन बाळांच्या मृत्यूने दर एकाने हलतो. म्हणून नुसता दर पुरत नसे. बाळ कितव्या दिवशी, कितव्या आठवड्यात आणि कशाने गेले, हेही पाहावे लागे. 1951 पर्यंत देशातल्या अर्भकमृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू पहिल्या चार आठवड्यांतले होते, आणि त्यामुळे आरोग्य खात्याचे लक्ष दूषित दूध आणि जुलाबांकडून अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे, त्यांच्या उबेकडे आणि घरोघरी जाणाऱ्या सुईणींकडे वळू लागले होते.