ऊन, पाणी आणि झाकण

श्रोतेहो, नमस्कार.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूच्या बायका भेटल्या की एक तक्रार हमखास कानावर येते. डाळ शिजत नाही. कुकरच्या सात-आठ शिट्ट्या झाल्या तरी वरण घोटताना रवीखाली दाणे लागतात, हरभऱ्याच्या उसळीत गणंग राहतात. मग बोल कुणाला? दुकानदाराला, डाळीला, आणि शेवटी स्वयंपाक करणारीला. खरं कारण पुष्कळदा पाण्यात असतं.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाला फेस येत नाही, तांब्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तो याच क्षारांमुळे. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा फुटतो. पण पाण्यातलं कॅल्शियम या पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि आणखी घट्ट करतं. मग आच कितीही मोठी करा, दाणा हट्ट सोडत नाही. जळतो तो गॅस.

यावर उपाय अगदी साधा आहे. आता गावोगावी पिण्यासाठी आरओचं, म्हणजे यंत्रातून गाळून क्षार काढलेलं पाणी मिळतं, घरात जार असतो. डाळ धुवायला बोअरचं पाणी खुशाल वापरा, पण भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. चार माणसांच्या वरणाला असं किती पाणी लागतं? तीन-चार वाट्या. तेवढ्या पाण्याने गॅसचा बराच वेळ वाचतो. पावसाळ्यात पन्हाळीचं स्वच्छ पाणी धरता येत असेल तर त्यात डाळ आणखी लवकर शिजते, कारण पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात.

ज्यांच्याकडे असं पाणी नाही, त्यांच्यासाठी दुसरा उपाय. हरभरे, वाटाणे, राजमा, हुलगे रात्री भिजत घालताना लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ टाका. मिठाने कडधान्य कडक होतं असं पुष्कळजणी मानतात, पण भिजवताना घातलेलं मीठ उलटं काम करतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी टाकून द्या, एकदा खळबळून घ्या, मग शिजवा. खायच्या सोड्याची चिमूटही हेच काम करते, पण सोड्याने बी-वन जीवनसत्त्व नाश पावतं. रोज वरण खाणाऱ्या घरात रोज सोडा नको.

आणि चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबटाने पेक्टिन विरघळायचं थांबतं. टोमॅटो घालूनच कुकर लावायची सवय असेल तर आठवडाभर सोडून बघा. फरक शिट्ट्यांवरून लगेच कळेल.

हे सगळं इतकं सविस्तर सांगण्यामागे एक कारण आहे. घरातल्या क्लृप्त्या आपण एकमेकींना सांगतो, पण बहुधा त्या मागचं कारण सांगत नाही. कारण कळलं की दहा क्लृप्त्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, आपल्या घराला लागू पडेल ती आपली आपल्याला सुचते. माझ्या पाहण्यात घरातली निम्मी मेहनत अशा कामांवर खर्च होते, जी ऊन, पाणी आणि झाकण आपणहून करतात. त्यांना थोडा वेळ द्यायचा, एवढंच.

आणि तो वेळ फार मोलाचा आहे. देशात २०१९ साली वेळेच्या वापराचं सरकारी सर्वेक्षण झालं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष असं काम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं निघाली. आणि असं काम करणारे पुरुष तरी किती, तर शंभरात सव्वीस. हे ऐकणाऱ्या पुरुष श्रोत्यांना माझी मनापासून विनंती आहे, आज सांगते त्यातली चार कामं तुमच्या हातची आहेत. डाळ भिजत घालायला काही शिकावं लागत नाही.

आता झाकणाकडे येऊ. पाणी एकदा उकळायला लागलं की ते त्याहून जास्त तापत नाही. खाली आच मोठी ठेवली तर पाण्याची वाफ जास्त होते, पण भाजी लवकर शिजत नाही. तेव्हा उकळी आली की आच बारीक, आणि वर झाकण. कुकरचंही तेच. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे लवकर शिजतं. शिट्टी होते म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडते, म्हणजे विकत घेतलेली उष्णता स्वयंपाकघरात उडून जाते. पहिली शिट्टी झाली की आच एकदम बारीक करा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ बघा. भिजलेल्या तूरडाळीला बारीक आचेवर आठ-दहा मिनिटं पुरतात. मग गॅस बंद, आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली तर तेवढं फुकटचं शिजणं गेलं, शिवाय हात भाजायची भीती.

भाताचंही असंच. पातेल्यात पाणी बेताचं ठेवून भात केला असेल तर पाणी आटत आलं की गॅस बंद करा, झाकण घट्ट ठेवा आणि वर जाड फडकं किंवा जुनी चादर गुंडाळा. दहा मिनिटांनी भात मोकळा होतो आणि तळाला लागत नाही. तळाला लागला नाही म्हणजे घासायचं कामही वाचलं. आणि एखादं भांडं करपलंच तर तारेची घासणी घेऊन त्याच्याशी झुंजू नका. पाणी घाला, चमचाभर खायचा सोडा टाका, एक उकळी आणा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी करप सुटून येते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा नको, ते काळं पडतं.

शेगडीची ज्योत निळी असायला हवी. पिवळी दिसली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, तर बर्नरची भोकं बुजलेली आहेत. बर्नर गार असताना काढा, गरम साबणपाण्यात तासभर ठेवा, सुईने भोकं मोकळी करा आणि पूर्ण वाळवून बसवा.

आता आपल्या सांगलीच्या हळदीविषयी. हळदीचा डाग ही प्रत्येक घरातली डोकेदुखी. साबण लावला की डाग लाल होतो आणि आपण घाबरून आणखी घासतो. साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे हळदीचा रंग तांबडा होतो. खळबळून धुतलं की तो परत पिवळ्यावर येतो. कपडा खराब झालेला नसतो. आमटी सांडली असेल तर आधी साबणाने तेल काढा, मग कपडा ओलसर असतानाच कडक उन्हात पसरा. हळदीतला रंग म्हणजे कुरकुमीन, आणि त्याला प्रकाश सोसत नाही. पांढरा सुती कपडा असेल तर दोन-तीन दुपारच्या उन्हात डाग जवळपास नाहीसा होतो. ब्लीच नको, ब्रश नको, दंड मोडेपर्यंत घासणं नको.

जे ऊन डाग घालवतं, तेच ऊन डब्यातल्या हळदीचा रंगही घालवतं. म्हणून हळदीची काचेची बरणी ओट्यावर खिडकीसमोर ठेवू नये. स्टीलच्या डब्यात, कपाटात, अंधारात ठेवा. जमलं तर हळकुंडं घेऊन ठेवा आणि दोन-तीन महिन्यांपुरतीच दळून आणा. हळकुंड पुडीपेक्षा खूप जास्त टिकतं, आणि भेसळीची शंकाही राहत नाही.

हे आपल्याकडच्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, काही अजून आहेत. जमिनीत खोल खड्डा, आत कोरडं अस्तर, हळद भरून तोंड बंद. अंधार आणि कोंडलेली हवा यामुळे त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे, कारण आत श्वास घ्यायला पुरेशी हवाच नसते. माणसाला जिथे श्वास घेता येत नाही, तिथे किड्यालाही घेता येत नाही. महापुराच्या पाण्याने पुष्कळ पेवं निकामी झाली, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या खड्ड्यांत पिढ्यांचं शहाणपण होतं. पण त्यामागची युक्ती आपल्या घरातल्या डब्याला जशीच्या तशी लागू पडते.

उन्हाळ्यात वर्षाचा गहू, शाळू भरतो, तेव्हा धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, असा वाळलेला हवा. पण उन्हातून उचलून गरम धान्य लगेच डब्यात भरू नका. रात्रभर पसरून गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून घाम येतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते. डबा काठोकाठ भरा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकलेलाच घाला. डाळींना एरंडेलाचा हात लावायची जुनी रीत उत्तम आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठा डबा रोज उघडू नका. पंधरा दिवसांचं धान्य लहान डब्यात काढून घ्या. दरवेळी झाकण उघडलं की किड्याला नवी हवा मिळते आणि पावसाळ्यात दमटपणाही आत शिरतो. रवा, मैदा थोडा असेल तर फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवून मग डब्यात भरा, त्यातली अंडी मरतात. तासगावचे बेदाणेही शीतगृहात ठेवतात ते टिकावेत आणि त्यांचा रंग राहावा म्हणून. घरात आणलेले बेदाणे फ्रीजमध्येच ठेवावेत.

कडधान्यं मात्र वर्षाच्या वर साठवू नका. जुनी झाली, त्यात उष्णतेत राहिली, की ती भिजवूनही नीट शिजत नाहीत. आणि शाळूचं दळण आठ-दहा दिवसांपुरतंच आणा. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. तशा पिठाला आधणाचं पाणी घाला. कढत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि चिकटपणा परत येतो. नव्याने भाकरी शिकणाऱ्या मुलामुलींनी तर कढत पाण्यानेच सुरुवात करावी.

विजेचं एकच सांगते. घरातला जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास. पंखा दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटं वाचतात. आता आपल्या वीजबिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटांना बराच चढा. तुमचा वापर शंभराच्या थोडा वर जात असेल, तर वाचलेली सोळा युनिटं त्या महागड्या भागातून कमी होतात. हा पंखा महाग असतो, हे खरं. म्हणून चालू पंखे काढून टाकू नका. जुना बिघडला की नवा असा घ्या, आणि जो पंखा जास्तीत जास्त चालतो, बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला, तिथे आधी लावा.

गिझर किंवा पाणी तापवायची कॉइल जड पाण्याने खडूसारखी पांढरी झाली असेल, तर ती जास्त वीज खाते. कॉइल बंद करून, पिन काढून, गार झाल्यावर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात दोन तास बुडवून ठेवा. थर भुसभुशीत होऊन निघून येतो.

यातलं आपल्या घरी किती उपयोगी पडलं, हे मोजायची सोय प्रत्येकीकडे आहे. गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. पुढची टाकी लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा, आणि ती संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. पाहुणे आले, दिवाळीचा फराळ झाला, असं काही असेल तर बाजूला तेही नोंदवा. भिजवणं, झाकण, बारीक आच या तीन गोष्टी सुरू केल्यावर पुढची टाकी किती दिवस जाते ते याच कॅलेंडरवर दिसेल. तारीख लिहायचं काम घरातल्या मुलांना द्या, ती विसरत नाहीत.

नमस्कार.