फरशीवर पळाला, रानात रुतला

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो, तिथं नववीतल्या एका पोरीनं फवारणीचा गाडा केलेला, सायकलचं जुनं चाक, वर पंप, हँडल ढकललं की फवारा सुरू. पाठीवर पंप वाहून आजोबांची कंबर धरते म्हणून केला म्हणे. हॉलच्या फरशीवर गाडा असला सुसाट पळाला की काय सांगू, टाळ्या, पहिला नंबर, ट्रॉफी, फोटो. मी विचारलं, बाळा, रानात नेलास का? तर, नाही सर, टाइमच नाही मिळाला.

मग नेला. काळ्या रानात पाच पावलंही गेला नाही, चाक रुतलं. आजोबा बांधावरूनच ओरडले, "चाक रुंद कर गं, पण कपाशीच्या दोन ओळींत मावलं पाहिजे!" आम्ही तीन परीक्षक, आम्हाला हे सुचलं नव्हतं बरं का.

आता शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहेत, म्हणजे पोरांनी वस्तू जोडून-तोडून शिकायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, 2016 पासून, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर सगळं येतं. चांगलंच आहे. पण मला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जास्त आवडतो, डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला, तिथं पोरं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत हातानं करत शिकतात आणि गावाला लागेल ते बनवून देतात, म्हणजे वस्तू चालली नाही तर गाववाले तोंडावर सांगणार.

अजून एक, हे आम्ही मास्तर लोक हमखास विसरतो. प्रदर्शनात मांडलं, पेपरात फोटो आला, की पेटंटसाठी ती वस्तू 'नवी' राहत नाही, बहुतेक वेळा गेलंच समजा. त्यापेक्षा आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा, स्वतःच्या नावानं ऑनलाइन भरला तर सरकारी फी 1600 रुपये, मग पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात, तेवढ्यात वस्तू सुधारून घ्यायची. आमच्या पोरीचा जुना गाडा तर सगळ्या तालुक्यानं पाहिलाय, पण चाकाची नवी जोडणी अजून कुणाला दाखवली नाहीये, म्हणून तिला म्हटलं, ट्रॉफी ठेव कपाटात आणि आधी हा फॉर्म भर.

परवा तिचा फोन आला. शेजारचे काका विचारतायत, गाडा एका दिवसासाठी भाड्यानं देते का, तर सर, किती घेऊ? मी म्हटलं, ते मला नको विचारू, दिवसभर फवारायला माणूस किती मजुरी घेतो ते काकांनाच विचार.