ऐंशी किलोंचा विंगर

वेल्सच्या शेन विल्यम्स या रग्बीपटूबद्दल बोलायचं तर आधी त्याचं वजन सांगावं लागतं. सुरुवातीची कित्येक वर्षं लोक त्याच्या खेळापेक्षा त्याविषयीच जास्त बोलले. उंची पाच फूट सात इंच, वजन ऐंशी किलोंच्या आसपास. तुमच्या-आमच्यात तो उठूनही दिसणार नाही, पण रग्बीच्या मैदानावर हे वजन म्हणजे पोरसवदा.

काळही तसाच होता. 1995च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या जोना लोमूनं विंगवरून, म्हणजे मैदानाच्या अगदी कडेच्या जागेवरून, समोरचे खेळाडू अक्षरशः तुडवले. सहा फूट पाच इंच उंची, वजन 115 किलोंहून जास्त. त्याच वर्षी रग्बी युनियन हा रग्बीचा प्रकार व्यावसायिक झाला, व्यायामशाळा गजबजल्या आणि प्रत्येक संघाला आपला लोमू हवासा झाला. नेमक्या अशा वेळी, दक्षिण वेल्समधल्या अमान खोऱ्यातला, कोळसा खाणींच्या मुलखातला हा मुलगा वर येत होता. तोही मुळात स्क्रम-हाफ, म्हणजे खेळाडूंच्या घोळक्यातून चेंडू बाहेर काढून देणारा, नंतर विंगर झालेला.

फेब्रुवारी 2000 मध्ये फ्रान्सविरुद्ध त्याला वेल्सची जर्सी मिळाली. पुढच्याच सामन्यात, इटलीविरुद्ध, त्यानं ट्राय केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले. पण नंतर दुखापती आल्या, शरीरयष्टीवर बोट ठेवलं गेलं आणि तो संघाबाहेर गेला. 2003च्या विश्वचषकाला तो ऑस्ट्रेलियात पोचला तो तिसरा स्क्रम-हाफ म्हणून, म्हणजे अडीअडचणीला असावा म्हणून!

त्या स्पर्धेत सिडनीला न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह हॅन्सन यांनी त्याला विंगवर उतरवलं. वेल्सकडून कुणाला फारशी आशा नव्हती. शेननं चेंडू मिळेल तिथून धावायला सुरुवात केली, स्वतः ट्राय केला आणि दुसऱ्या डावात वेल्स चक्क 37-33 असा पुढे होता. शेवटी न्यूझीलंडनं 53-37 असा सामना जिंकला, पण त्या सामन्यानंतर शेनला वगळणं अवघड झालं. पुढच्याच सामन्यात, उपांत्यपूर्व फेरीत, इंग्लंडच्या बचावातून वाट काढत त्यानं स्टीफन जोन्सच्या ट्रायचा पाया घातला. तो सामनाही वेल्स हरला. इंग्लंड पुढे जगज्जेता झाला.

तो करायचा काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. कबड्डीतला चढाईपटू जशी हुलकावणी देतो तसं समजा. समोरचा बचावपटू जवळ आला की हा पावलं आखूड करायचा. मग एका पायावर भार देऊन खांदा एकीकडे झुकवायचा. समोरच्यानं आपलं वजन तिकडे टाकलं की झालं, हा दुसऱ्या पायानं उलट बाजूला निसटलेला असायचा. शंभर किलोंच्या माणसाला एकदा झुकल्यावर परत फिरायला जो अर्धा क्षण लागतो, त्यावर शेनची सगळी कारकीर्द उभी आहे. लहान चण हे त्याचं उणेपण होतं असं मला कधीच वाटलं नाही. ते त्याचं हत्यार होतं.

2005 मध्ये कार्डिफला इंग्लंडविरुद्ध वेल्सचा एकमेव ट्राय त्याचा. वेल्स 11-9 असा जिंकला आणि त्या मोसमात 1978 नंतर प्रथमच ग्रँड स्लॅम मिळवला, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपीय स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. 2008 मध्ये पुन्हा ग्रँड स्लॅम. फ्रान्सविरुद्ध 41वा ट्राय करून शेननं वेल्ससाठी सर्वाधिक ट्रायचा गॅरेथ थॉमसचा विक्रम मोडला. त्याच वर्षी जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. 2009 मध्ये लायन्सकडून, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाकडून, जोहान्सबर्गच्या तिसऱ्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं दोन ट्राय केले.

3 डिसेंबर 2011, कार्डिफ. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा वेल्ससाठीचा त्याचा अखेरचा सामना. वेल्स हरत होता, वेळ संपत आली होती. चेंडू त्याच्याकडे आला आणि त्यानं ट्राय केला, वेल्ससाठीचा 58वा. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.