१६१ मुलांची शाळा आणि सव्वाचार मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका लांबच्या गावाला न्यायचं आहे. गावाचं नाव मायलन. लिहितात इटलीतल्या मिलानसारखंच, पण तिथली माणसं मायलनच म्हणतात, तेव्हा आपणही तसंच म्हणू. अमेरिकेतलं इंडियाना राज्य, त्याच्या आग्नेयेकडची रिप्ली काउंटी, आणि तिथं मका-सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेलं हे गाव. मी सांगतोय ती गोष्ट १९५४ सालची. तेव्हा गावाची वस्ती होती हजार-अकराशे. आणि गावच्या हायस्कूलचा पट, मुलं-मुली मिळून, १६१. पुन्हा सांगतो, कारण हा आकडा पुढे लागणार आहे. एकशे एकसष्ट.

मी तीस वर्षं खेड्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षक होतो. त्यामुळे पट ऐकला की शाळा डोळ्यांसमोर उभी राहते. १६१ म्हणजे काय, तर हिवाळ्यात बास्केटबॉल खेळणारी पोरंच बर्फ वितळलं की बेसबॉलला. संघ वेगळा, गणवेश वेगळा, पोरं तीच. मोठ्या शाळेत निवड होते. लहान शाळेत निवड कसली, जो हजर तो संघात! आमच्याकडेही खो-खोचाच संघ रिलेला धावायचा आणि पंधरा ऑगस्टला लेझीमही तोच खेळायचा.

इंडियानात खेड्यापाड्यांनी बास्केटबॉलच का धरला? साधी गोष्ट आहे. अमेरिकन फुटबॉलला अकरा जण लागतात आणि खर्चही फार. बास्केटबॉलला पाच पोरं पुरतात. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली, हाताला काम कमी. गोठ्याच्या भिंतीला एक कडं ठोकलं की झालं मैदान. हा खेळ सुरू झाला तोही असाच, १८९१ च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्ज्याला ठोकल्या. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. खेळाच्या तासासाठी एका शिक्षकाने एवढी डोकेफोड केली, आणि आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पहिल्यांदा पी.टी.चा तास गणिताला जातो. हे मला आयुष्यभर खटकलं आहे आणि आजही खटकतं.

असो. मायलनकडे येऊ.

इंडियानात १९११ पासून राज्याची एकच शालेय स्पर्धा असे. शाळा शंभर मुलांची असो की दोन हजारांची, सगळ्या एकाच स्पर्धेत. १९५४ ला ७५१ शाळा उतरल्या होत्या. मायलनचा प्रशिक्षक होता मार्विन वुड, पंचविशीतला तरुण मास्तर. आदल्या वर्षी त्याने हा संघ उपांत्य सामन्यापर्यंत नेला होता आणि तिथं साउथ बेंडच्या शाळेने त्यांना साफ लोळवलं होतं. या वर्षी मायलन अंतिम सामन्यात पोचलं. तारीख २० मार्च १९५४, वार शनिवार. इंडियानापोलिस शहरातलं बटलर फील्डहाउस, पंधरा हजार माणूस बसलेलं. म्हणजे अख्ख्या मायलनची माणसं एका कोपऱ्यात मावून उरतील. आणि समोर मन्सी सेंट्रल. पट मायलनच्या दहापट. पोरं उंच. राज्याचं विजेतेपद आधीच चार वेळा घेतलेलं.

सामना बत्तीस मिनिटांचा. आठ-आठ मिनिटांचे चार भाग. मध्यंतराला मायलन पुढे होतं, २३-१७. तिसऱ्या भागात मात्र टोपलीत काही पडेचना. तो भाग संपला तेव्हा २६-२६. चौथ्या भागाच्या सुरुवातीला मन्सीने दोन गुण काढले. मायलन २६, मन्सी २८. मायलन मागे. हे लक्षात ठेवा, मायलन मागे होतं.

आणि आता ऐका. चेंडू आला बॉबी प्लम्पकडे. हा पोरगा मायलनचाही नव्हे, शेजारच्या पियर्सव्हिल नावाच्या वस्तीतला, जिथे मोजकीच घरं. वुडने बाकावरून खूण केली. आणि बॉबी प्लम्प चेंडू धरून उभा राहिला. नुसता उभा. टप्पा नाही, पास नाही, पुढे पाऊल नाही. मन्सीचे खेळाडू म्हणाले असतील, आघाडी आपली, आपण कशाला पुढे जायचं? तेही आपापल्या जागी थांबले. घड्याळ पळतंय आणि मैदानावर कुणी हलत नाही.

किती वेळ? चार मिनिटं तेरा सेकंद.

पुन्हा सांगतो. चार मिनिटं, तेरा सेकंद. आठ मिनिटांच्या भागातला निम्म्याहून जास्त वेळ. आणि तोही मागे असलेला संघ घालवतोय! पुढे असलेला संघ वेळ काढतो, हे आपण कबड्डीत रोज बघतो. पण हरत असताना चेंडू धरून थांबायचं, याला काळीज लागतं. वुडचा हिशेब असा की पोरांचा नेम बसत नाहीये, अशात धावपळ केली तर अंतर वाढेल. अंतर दोनच गुणांचं राहू दे. शेवटच्या तीन मिनिटांत बघू.

रेडिओवर बोलणाऱ्याला शांततेची फार भीती असते. इथे दहा सेकंद आवाज गेला नाही तर बाहेर धावपळ होते. त्या रात्री इंडियानातली घरंच्या घरं रेडिओला कान लावून बसली होती, आणि समालोचन करणाऱ्याला सव्वाचार मिनिटं एका उभ्या पोराबद्दल बोलायचं होतं. आपल्याकडे बाळ ज. पंडितांसारखा माणूस मैदान शब्दांत उभं करायचा. आताचे समालोचक नुसते ओरडतात. चेंडू कुठे गेला ते सांगा ना, ओरडता कशाला?

ही गोष्ट मी दर जूनमध्ये नव्या आठवीला सांगायचो, आणि सांगून थांबायचो नाही. मैदानातल्या कडुनिंबाखाली एका पोराला उभं करायचं, हातात बास्केटबॉल द्यायचा, स्टॉपवॉच सुरू. बाकीचा वर्ग गोलात. बोलायचं नाही, हलायचं नाही, चार मिनिटं तेरा सेकंद. पहिल्या मिनिटाला सगळे खिदळतात. दुसऱ्या मिनिटाला हसू विरतं. तिसऱ्या मिनिटाला निंबाची पानं वाजलेली ऐकू येतात. एका वर्षी एक काटकुळा पोरगा उभा होता. त्याची कानशिलं लाल झाली, चेंडूवर बोटांचे घामाचे ठसे उमटले, उजव्या पायाचा अंगठा मातीत रुतत गेला. पण चेंडू हलला नाही. वेळ संपल्यावर विचारलं, "हात दुखले का रे?" म्हणाला, "हात नाही सर, पाय पळू पळू करत होते." त्या वर्षी खो-खोत तोच माझा शेवटचा गडी. संघ कितीही मागे पडो, तो गडबडायचा नाही.

तर प्लम्प. सव्वाचार मिनिटांनी तो हलला, चेंडू टोपलीकडे टाकला आणि... चुकला. हो, चुकला! एवढं थांबून नेम चुकला. पण मन्सीच्या हातून चेंडू निसटला. रे क्राफ्ट नावाच्या मायलनच्या पोराने दोन गुण केले. २८-२८. मग प्लम्पला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता करायचे एकेका गुणाचे नेम, मिळाले. दोन्ही बसले. ३०-२८. मन्सीने बरोबरी केली. ३०-३०. प्लम्पने पुन्हा चेंडू धरला. अठरा सेकंद उरले असताना मायलनने टाइम-आउट घेतला. संघातल्या जीन व्हाइटने सुचवलं की आपण चौघे एका बाजूला जाऊ, बॉबीला मैदान मोकळं सोडू. मास्तरांनी पोराचं ऐकलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. चौघे बाजूला झाले. प्लम्प पुढे सरकला, झपकन थांबला, उंच उडी घेतली आणि पंधरा-एक फुटांवरून चेंडू सोडला. तीन सेकंद बाकी होते. चेंडू कड्यातून खाली.

३२-३०. १६१ पोरांची शाळा राज्यात पहिली.

दुसऱ्या दिवशी पोरं गाडीतून गावी निघाली तर रस्त्याच्या दुतर्फा माणसं. हजार वस्तीच्या गावात हजारो माणूस लोटलं होतं. काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी इंडियानापोलिसहून दीड तास गाडी हाकून मला मायलन दाखवलं. पाण्याच्या जुन्या टाकीवर अजून लिहिलेलं आहे, स्टेट चॅम्प्स, १९५४. मी टाकीखाली बराच वेळ उभा होतो. जावईबापू म्हणाले, "बाबा, पाऊस येतोय." म्हटलं, येऊ दे.

याच वाटचालीत मायलनने क्रिस्पस अ‍ॅटक्स या शाळेला हरवलं होतं. ती कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा. तिच्या संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा लहानगा खेळाडू होता. पुढची दोन्ही वर्षं, १९५५ आणि १९५६, त्याच शाळेने राज्य जिंकलं. केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळेने राज्याची खुली स्पर्धा जिंकल्याचं अमेरिकेतलं ते पहिलं उदाहरण. त्या वर्षांबद्दलही असंच एक भाषण करायला हवं.

व्यावसायिक खेळात आता चेंडू धरून असं थांबता येत नाही. १९५४ च्याच मोसमापासून व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्या वेळात चेंडू टोपलीकडे टाकायलाच हवा. आणि इंडियानाने १९९७ नंतर शाळांचे पटाप्रमाणे चार गट केले. लहानांनी लहानांशी खेळायचं. आता जास्त शाळांना चषक मिळतात, हे खरं. पण मला तो निर्णय पटलेला नाही. मन्सीशी गाठच पडणार नसेल तर मायलन घडेल कसं?

बेसबॉलचं थोडक्यात सांगतो. इंडियानाच्या पश्चिमेला, इलिनॉय ओलांडलं की आयोवा. तिथे शाळांचा बेसबॉल उन्हाळ्यात चालतो. तिथलं नॉर्वे नावाचं सहाशे वस्तीचं गाव. त्या गावच्या हायस्कूलने राज्याची विजेतेपदं घेतली वीस. २०. बॉल्टिमोरच्या संघाकडून १९८३ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकणारा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, माइक बॉडिकर याच गावचा. आणि आयोवाच्या मुलींचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे मुलींचा सहा-सहा जणींचा बास्केटबॉल १९९३ पर्यंत चालला. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन या खेड्यातल्या शाळेच्या डेनिस लाँगने एकटीने ६४ गुण केले. मायलनच्या अख्ख्या संघाच्या दुप्पट!

नॉर्वेचं हायस्कूल १९९१ मध्ये शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन झालं. त्या उन्हाळ्यात पोरांना ठाऊक होतं की शाळेच्या नावाने आपण शेवटचं खेळतोय. विसावं विजेतेपद त्यांनी त्या उन्हाळ्यात घेतलं.

कडुनिंबाखाली उभा राहिलेला तो काटकुळा पोरगा आता शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. त्याच्या वस्तीवरच्या शाळेचा पट सतरा. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा तिकडेही पोचली आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, ठराव लिहायला बसलोय. त्या मायलनचा आकडा किती होता?"

म्हटलं, "लिही. एकशे एकसष्ट."

श्रोतेहो, नमस्कार.