दोन माइक आणि १७ सेंटिमीटर

[दृश्य: पुण्यातल्या फ्लॅटमधली छोटी खोली. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. मधे खुर्ची, खुर्चीत गिटारवादक, समोर दोन माइक.]

निवेदन:

ही माझी रेकॉर्डिंगची खोली. दहा बाय बारा. पंखा बंद, खिडकी बंद. खाली रिक्षा सुरू झाली की आपण थांबायचं.

आधी पहिला माइक ऐका. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीच्या, बरोबर समोर, ३० सेंटिमीटरवर.

[आवाज: फक्त पहिला माइक]

तारा स्वच्छ आहेत. बोट सरकल्याची सरसरसुद्धा येते. आता दुसरा. हा ब्रिजसमोर, म्हणजे फळीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीसमोर, २७ सेंटिमीटरवर, लाकडाकडे तोंड करून.

[आवाज: फक्त दुसरा माइक]

यात ऊब आहे, लाकडाचं भरलेलं अंग आहे. आता दोन्ही एकत्र, मोनोमध्ये, म्हणजे दोन्हींची बेरीज करून एकच आवाज.

[आवाज: दोन्ही माइक]

मधलं अंगच गेलं. खालचा घुमारा आहे, वरची सळसळ आहे, पण गिटार कुणीतरी रिकाम्या पिंपात नेऊन ठेवल्यासारखी पोकळ झाली.

माझं पहिलं गाणं मी असंच रेकॉर्ड केलं होतं. एक माइक डावीकडे, दुसरा उजवीकडे, कानाला हेडफोन. दोन्ही आवाज दोन वेगळ्या कानांत पडत होते, ते एकमेकांना भेटतच नव्हते, त्यामुळे मला काही कळलं नाही. आईने ते तिच्या जुन्या, एकाच स्पीकरच्या फोनवर लावलं आणि म्हणाली, ‘‘गाणं छान झालंय रे, पण गिटार लांब बसून वाजवलीस का?’’ फोनने डावं-उजवं एकत्र केलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक रेकॉर्डिंग मोनोमध्ये ऐकल्याशिवाय पुढे जात नाही.

[दृश्य: सुतळीचं एक टोक ब्रिजवर, दुसरं पहिल्या माइककडे.]

गडबड कुठे आहे ते ही सुतळी सांगते. दिसायला दोन्ही माइक गिटारपासून सारखेच लांब. पण ब्रिजपासून मोजा. दुसरा माइक २७ सेंटिमीटरवर आहे. पहिला मात्र बाराव्या फ्रेटसमोर, म्हणजे ब्रिजपासून ३२ सेंटिमीटर बाजूला. त्यामुळे ब्रिजवरून त्याच्याकडे जाणारी तिरकी वाट भरते ४४. फरक १७ सेंटिमीटरचा.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १७ सेंटिमीटरला त्याला अर्धा मिलिसेकंद लागतो. एवढ्याशा वेळाने काय बिघडतं?

अंगणातला झोपाळा आठवा. तो पुढे निघाला की ढकललं तर झोका चढतो. मागे येत असताना ढकललं तर जागीच विरतो. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० वेळा थरथरणाऱ्या स्वराला एक आवर्तन पुरं करायला १ मिलिसेकंद लागतो. अर्धा मिलिसेकंद उशीर म्हणजे नेमकं अर्धं आवर्तन. एका माइकमध्ये लाट वर असते, तेव्हा दुसऱ्यात ती खाली असते. दोन्ही सारख्याच जोराचे असतील तर बेरीज जवळजवळ शून्य. ३००० ला तेच, ५००० ला तेच. २००० ला मात्र दोघं जोडीने ढकलतात. आलेख काढला तर फणीचे दात दिसतात, म्हणून याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. तिचं एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं, तिला अर्ध्या मिलिसेकंदाने फारसा फरक पडत नाही. म्हणून घुमारा टिकला आणि मधलं अंग गेलं.

[दृश्य: प्रीअँपवरचं, म्हणजे माइकचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावरचं, पोलॅरिटीचं बटण.]

बरेच जण इथे पोलॅरिटीचं बटण दाबतात. दाबून पाहावं जरूर. पण हे बटण लाट फक्त उलटी करतं, वेळ पुढेमागे करत नाही. १००० चा खड्डा भरतो आणि २००० वर नवा पडतो. खर्जही पातळ होतो.

‘तीनास एक’चा नियमही इथे चुकीच्या जागी वापरला जातो. माइक वादकापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा, असं तो सांगतो. तो शेजारी-शेजारी बसलेल्या दोन वादकांसाठी आहे, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये कमी शिरावा म्हणून. एकाच गिटारवरच्या दोन माइकांची वेळ तो जुळवत नाही.

[दृश्य: एक हात दुसऱ्या माइकचा स्टँड हळूहळू मागे नेतो.]

मी काय करतो ते पाहा. सुतळीला ४४ वर गाठ मारली आणि दुसरा माइकही ब्रिजपासून तेवढ्याच अंतरावर मागे घेतला. आता काम कानाचं. दुसऱ्या माइकची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करायची, हेडफोन मोनोवर ठेवायचा, वादकाला एकच कॉर्ड वाजवत राहायला सांगायचं आणि माइक बोटभर इकडेतिकडे हलवायचा. दोन्ही लाटा वेळेत जुळल्या की उलटी केलेली लाट सरळ लाटेला सगळ्यात जास्त पुसते. आवाज सगळ्यात किडकिडीत होतो ती जागा सापडली की स्टँड घट्ट करायचा आणि बटण परत सरळ.

[आवाज: दोन्ही माइक, नव्या जागी]

हे ऐकताना मला आजही अंगावर काटा येतो. तीच गिटार, तेच माइक.

विजेच्या गिटारच्या अँपसमोर दोन माइक लावतानाही हीच युक्ती. फक्त एक लक्षात ठेवा, माइकांच्या जाळ्या एका रेषेत आणल्या म्हणजे आतले, आवाजाने थरथरणारे पडदे एका रेषेत येतातच असं नाही. रिबन माइकचा पडदा म्हणजे धातूची पातळ फीत, आणि ती जाळीच्या बरीच आत असते.

कॉम्प्युटरवर ट्रॅक सरकवून चालणार नाही का? थोडं चालतं. कॉम्प्युटर आवाजाची सेकंदाला ४८,००० मापं घेतो (४८ किलोहर्ट्झ), प्रत्येक माप म्हणजे एक सॅम्पल. त्यात १७ सेंटिमीटर म्हणजे २४ सॅम्पल, एका सॅम्पलला जेमतेम ७ मिलिमीटर. पण गिटारचा आवाज एका टिंबातून येत नाही. ब्रिज, साउंडहोल, सगळी फळी बोलते, आणि प्रत्येकाचं माइकपर्यंतचं अंतर वेगळं. शिवाय वादक रंगात आला की पुढे झुकतो. तो झुकला की अंतरं बदलली, आणि सरकवलेला ट्रॅक मात्र तिथेच राहिला. म्हणून मी आधी माइक हलवतो, माउस नंतर.

मोजमापात पडायचंच नसेल तर एक्स-वाय जोडी लावा. दोन माइकांची तोंडं एकावर एक, कोन साधारण ९० अंशांचा. आवाज दोघांकडे जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो. एकाच ठिकाणी ठेवलेल्या दोन माइकांची कल्पना ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनी १९३१ च्या पेटंट अर्जात मांडली होती. एक्स-वायमध्ये डाव्या-उजव्याचा पसारा कमी मिळतो, पण मोनोत गिटार शाबूत राहते.

[दृश्य: जमिनीवर खुर्चीच्या पायांभोवती पांढरी चिकटपट्टी.]

खुर्चीच्या चारही पायांभोवती पट्टी मारली. वादकाच्या डाव्या पावलापाशीही एक. चहाला उठला तरी परत इथेच बसेल. सुतळी गाठीसकट स्टँडला बांधून ठेवली.

आता खाली रिक्षा नाही. पहिला टेक.

[आवाज: गिटार, मोनोमध्ये]